एकशे तीस फुटांच्या आत

सात जानेवारीला अ‍ॅल्बिन स्कुबिकच्या गॅरेजमध्ये हे होतं: ट्रान्झिस्टर दोनशे, शंभर-शंभरच्या दोन पुड्यांत. वाटाण्याएवढे निळे कपॅसिटर चाळीस. पाच हजार व्होल्टचा पॉवर सप्लाय एक, जुन्या फोटोकॉपी मशीनमधून काढलेला. विजेचा झटका पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप एक, त्याचं एक बटण तुटलेलं, तिथे पक्कड लावून फिरवावं लागायचं. गोंदण काढायचं लेझर मशीन एक, डुलुथ शहरातल्या बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेलं. त्याचा दिवा पेटत होता, आरसे स्वच्छ होते, आतला स्फटिक शाबूत होता. स्फटिकाला झटका देणारं सर्किट तेवढं जळून कोळसा झालं होतं. नारिंगी काचेचे चष्मे दोन. आणि माणसं दोन. अ‍ॅल्बिन, वय त्रेसष्ट, एकतीस वर्षं लोखंडाच्या खाणीत वीजतंत्री. मी क्रिस्टा, शेजारच्या घरातली, वय चोवीस, भौतिकशास्त्राची पदवी, नोकरी नाही.

अ‍ॅल्बिनचा धाकटा भाऊ लूई नऊ डिसेंबरपासून खाणीच्या पाण्यात होता.

आमच्या गावाच्या उत्तरेला जुनी उघडी खाण आहे. पन्नास वर्षांपूर्वी पंप बंद झाले आणि ती पाण्याने भरली. तळ दोनशे सत्तर फुटांवर, पण तिथवर पायऱ्या आहेत, ट्रक उतरायचे त्या. काही पायऱ्यांवर पाणी चढायच्या आधी झाडं वाढली होती. ती अजून उभी आहेत, पानांशिवाय. पाणी इतकं नितळ की हिवाळ्यात बर्फावर ठेवलेल्या अंधाऱ्या खोपट्यात बसून खाली पाहिलं तर तीस फुटांवरचा मासा डोळे मिचकावत नाही हे दिसतं. लूई त्याच्या खोपट्याकडेच निघाला होता, भाल्याने पाइक मासे मारायला. बर्फ पाच इंच जाड आहे, पेलेल असं अ‍ॅल्बिनने त्याला सांगितलं होतं. सापडली ती फक्त त्याची घसरगाडी, भोकाच्या कडेला.

शेरीफचे पाणबुडे चार दिवस उतरले. पाचव्या दिवशी त्यांचा प्रमुख डेल नीमी अ‍ॅल्बिनच्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"अ‍ॅल्बिन, सोनारवर सगळी झाडंच दिसतात. भिंतसुद्धा मध्ये येते. खाली काय आहे ते कळत नाही. अंधारात चाचपडायला मी पोरांना पाठवू शकत नाही."

"वजन बांधून दोरी सोडा."

"सोडली. नव्वद फुटांवर फांद्यांत अडकते." डेलने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "मला एक जागा दाखवा आणि तिची खोली सांगा. एकशे तीस फुटांच्या आत असेल तर एक दिवस येतो. त्याच्या खाली डोकं दारू प्यायल्यासारखं होतं. तिथे माझी माणसं जात नाहीत. आणि मार्चच्या मध्याला बर्फावरची खोपटी काढावी लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. तोवरच."

हे मला अ‍ॅल्बिननेच सांगितलं, आमच्या दारात उभं राहून, बुटांचा बर्फ न झटकता.

"पोरी, तुझ्या कॉलेजात उजेडाचं काय शिकवलं तुला?"

"बरंच काही. का?"

"लूईच्या अंगात खाणीतला कोट होता. पाठीवर दोन चमकत्या पट्ट्या. गाडीचा दिवा पडला की कशा डोळ्यांत घुसतात बघ. पाण्यातूनही चमकतील?"

मी विचार करायला जितका वेळ घेतला तितका तो दारातच उभा राहिला. चमकतील, मी म्हणाले. हिरवा प्रकाश त्या पाण्यात खोल जातो. प्रकाशाचा झटका अगदी छोटा असला तर तो परत यायला किती वेळ लागला ते मोजता येतं, आणि त्यावरून खोली. झाडाचा परतावा पसरट येईल, पट्टीचा सुईसारखा. पण छोटा म्हणजे किती? मी बोटाने दाराच्या गोठलेल्या काचेवर लिहिलं: आठ नॅनोसेकंद. पाण्यात एका नॅनोसेकंदात प्रकाशाचं जाणं-येणं मिळून खोली साडेचार इंचांना थोडी कमी भरते.

"एवढं?"

"एवढंच."

लेझरमधला स्फटिक हे दार आहे. साडेतीन हजार व्होल्ट मिळाले की ते उघडतं आणि साठलेला प्रकाश एकदम बाहेर पडतो. दार हळू उघडलं तर प्रकाश दोन-तीन तुकड्यांत येतो आणि एका पट्टीच्या तीन पट्ट्या दिसतात. म्हणून व्होल्टेज पाच नॅनोसेकंदांच्या आत चढायला हवं. एवढा मोठा आणि एवढा जलद स्विच बाजारात मिळतो, पण आम्हाला परवडेल असा आणि मार्चच्या आधी येईल असा नव्हता. तो आम्ही घरीच बांधायचा ठरवला.

त्यासाठी ट्रान्झिस्टर निवडणं हे तांदूळ निवडण्यासारखं काम आहे. साधा ट्रान्झिस्टर ठरावीक व्होल्टच्या वर नेला की मरतो. काही मरत नाहीत. ते बांध फुटावा तसे कोसळतात, सगळा प्रवाह एका क्षणात सोडतात आणि पुन्हा सावरतात. कोणता सावरेल हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. एकेक लावायचा, व्होल्टेज चढवायचं, स्कोपवर बघायचं.

"एक हात खिशात," अ‍ॅल्बिनने पहिल्याच दिवशी सांगितलं. "डावा."

"मी डावरी आहे."

"मग उजवा. देवाने दोन दिलेत, पण पॉवर सप्लायला एकच दाखवायचा. दोन्ही लागले तर वीज एका हाताने आत शिरते आणि दुसऱ्याने बाहेर पडते, आणि मध्ये काय असतं?"

"हृदय."

"तुझ्या बाबतीत पुस्तक. पण तेही जळतं."

दोनशेपैकी सत्तावीस मेले. एकशे बत्तीस आळशी निघाले, म्हणजे कोसळायचे, पण रमतगमत. एक्केचाळीस चांगले. त्यातले सर्वांत जलद चौदा आम्ही एकापाठोपाठ एक साखळीत जोडले. प्रत्येकाच्या वाट्याला दोनशे साठ व्होल्ट. पहिला कोसळला की त्याचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, आणि क्षणात सगळी रांग आडवी. अ‍ॅल्बिनचे हात मोठे आणि सुजलेले, पण सोल्डरचे डाग असे द्यायचा की मोती ओवलाय असं वाटावं. मी तारा आखूड करायला सांगायचे. लांब तार झटक्याची धार बोथट करते.

"अजून आखूड? पोरी, खाणीत आम्ही मैलभर केबल टाकायचो. वीज पोचायचीच."

"पोचायची. पण कधी पोचली ते कोणी विचारत नव्हतं."

एकोणतीस जानेवारीला साखळी पहिल्यांदा पूर्ण कोसळली. तीन हजार सहाशे व्होल्ट, चार नॅनोसेकंद. त्याच क्षणी गॅरेजचा दरवाजा आपोआप वर गेला आणि उणे पंचवीस अंशांची हवा आत आली. अ‍ॅल्बिनने दरवाजा बंद केला. मी पुन्हा झटका दिला. दरवाजा पुन्हा वर. आमच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे त्या साखळीच्या सर्किटमधून, इतका रेडिओगोंगाट सुटत होता की दरवाज्याला तो रिमोट वाटत होता. अ‍ॅल्बिन हसला. डिसेंबरनंतर तो हसलेला मी तेव्हाच पाहिला.

"लूई असता तर म्हणाला असता, भुताला दार उघडायचं मशीन केलंस." मग त्याचं हसू गेलं. त्याने दरवाज्याची वायर काढून टाकली.

लूईची बायको अ‍ॅग्नेस रविवारी यायची, पोटिका घेऊन. अक्रोडाचा तो गुंडाळलेला पाव ती इतका पातळ कापायची की आरपार दिसावं. आमच्याकडे थंडीत मेलेल्यांना पुरत नाहीत. जमीन दगड झालेली असते. पेट्या दफनभूमीच्या कोठडीत ठेवतात आणि मेमध्ये एकेक करून पुरतात. त्या हिवाळ्यात कोठडीत सहा पेट्या होत्या. फादरच्या यादीत नावं सात.

"फादर म्हणाले, रिकाम्या पेटीवरही प्रार्थना होते," अ‍ॅग्नेस म्हणाली.

"मग?" अ‍ॅल्बिनने मान वर न करता विचारलं.

"मग मी म्हटलं, रिकाम्या पेटीवर मी माती टाकणार नाही. चाळीस वर्षं तो माणूस जेवायला वेळेवर आला नाही. पुरायलाही उशीर करू दे. पण येऊ दे." तिने सुरी पुसली. "अ‍ॅल्बिन, तू खा. तू खात नाहीस आणि मग लोक म्हणतात, अ‍ॅग्नेसने दिराला उपाशी मारलं."

तीन फेब्रुवारीला मी यंत्र तपासलं. गॅरेजमधून अंगणापलीकडच्या पत्र्यावर नेम, फितीने चाळीस फूट. स्कोपने सांगितलं चाळीस फूट तीन इंच. वहीत लिहिलं. लेझरमधून प्रकाश सुटला हे सांगणारा एक सेन्सर, प्रकाश परत आला हे सांगणारा दुसरा. दोघांपासून स्कोपपर्यंत तीन-तीन फुटांच्या केबली. वेळ म्हणजे या दोन खुणांमधलं अंतर. त्रास एकच होता. पहिल्या सेन्सरची केबल ड्रायव्हरच्या शेजारून जायची आणि तो रेडिओगोंगाट तिच्यात शिरायचा. पडद्यावर खोट्या सुया दिसायच्या.

नंतर मी चार दिवस डुलुथला मुलाखतीसाठी गेले. परत आले तेव्हा पडदा स्वच्छ होता.

"कसं केलंत?"

"चांगली केबल टाकली. दुहेरी जाळीची. खाणीतून निवृत्त होताना घेतलेली." तो खुशीत होता. "तू डुलुथला सूट घालून हिंडत होतीस, इथे कामं होत होती."

मी वहीत लिहिलं: गोंगाट गेला. एवढंच लिहिलं.

लूईचंच खोपटं आम्ही वापरलं. घसरपट्ट्यांवर उभं असल्याने ट्रकने ओढता यायचं. आतून काळा रंग, खिडकी नाही, जमिनीला चौकोनी भोक. तिथे लेझर तोंड खाली करून बसवला, खाली एक आरसा जो बोटाने तिरका करता यायचा. अ‍ॅल्बिन गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचा आणि करवतीने ते मोठं करायचा, मी खोपटं त्यावर आणायचे. दार बंद, चष्मे डोळ्यांवर, आणि एक हिरवी रेघ सरळ खाली अंधारात जायची. आरसा थोडा हलवायचा, झटका. थोडा हलवायचा, झटका. बुडालेला माणूस सरळ खाली जात नाही; उताराला लागतो, घसरतो, पायरीवर थांबतो किंवा थांबत नाही. म्हणून दर दहा फुटांवर एक भोक.

तीस भोकांत झाडं होती, आणि एका ठिकाणी एक मोटार, कोणाची कोण जाणे. सहा मार्चला दुपारी एकतिसाव्या भोकात सुई आली.

मी आरसा हलवला, गेली. परत आणला, आली. किंचित पुढे नेला, दुसरी सुई आली, तितकीच उंच. दोन पट्ट्या. मध्ये कोटाच्या पट्ट्यांमध्ये असतं तेवढंच अंतर.

अ‍ॅल्बिनने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"किती?"

मी तीनदा हिशेब केला. "एकशे सत्तावीस."

"आत आहे," तो म्हणाला. "पोरी, आत आहे." आणि भिंतीला टेकून खाली बसला. मी डेलला फोन लावला.

"एकशे सत्तावीस? खात्री आहे?" डेलने विचारलं.

"अधिक-उणे दोन इंच."

"तीन फूट शिल्लक. तंग आहे," तो म्हणाला. "पण आत आहे. परवा सकाळी नऊला येतो."

आठ मार्चला ते आले. दोन ट्रक, चार पाणबुडे, बर्फावर तंबू. अ‍ॅग्नेस अ‍ॅल्बिनच्या ट्रकमध्ये हीटर लावून बसली होती, मांडीवर लूईला पुरताना घालायचा सूट घडी करून. डेल तंबूत कपडे चढवत होता. त्याच्याबरोबर उतरणार होती ती मुलगी माझ्यापेक्षाही लहान दिसत होती, आणि पॅस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भाजलेली करंजी, खाता खाता कोणाला तरी सांगत होती की आतमध्ये गाजर घालणारे लोक तुरुंगात हवेत.

खोपट्यात मी आणि अ‍ॅल्बिन. माझ्याकडे वीस मिनिटं होती. मी एक पांढरी एनॅमलची ताटली मोजफितीला बांधली आणि भोकातून खाली सोडली. साठ फुटांवर झाडं नाहीत. डेल उतरण्याआधी वहीत एक ओळ हवी होती: ज्ञात खोली साठ, यंत्राची खोली साठ. बर्फावर आल्यापासून मी ही तपासणी केलेली नव्हती. फेब्रुवारीत गॅरेजमध्ये केली होती, ती पुरेशी वाटली.

झटका दिला. पंचेचाळीस.

फीत पाहिली. साठ. पुन्हा झटका. पंचेचाळीस.

"काय झालं?" अ‍ॅल्बिन म्हणाला.

"ताटली साठवर आहे. यंत्र पंधरा फूट कमी सांगतंय."

"फीत वाकडी गेली असेल."

"वाकडी गेली तर ताटली वर राहील दोन-चार इंच. पंधरा फूट नाही."

पंधरा फूट म्हणजे एकेचाळीस नॅनोसेकंद. केबलमध्ये वीज एका फुटाला दीड नॅनोसेकंद घेते. मी कागदावर भागाकार केला: सत्तावीस फूट. मग दिवा घेऊन पहिल्या सेन्सरपासून केबलवर बोट ठेवत निघाले. ती ड्रायव्हरमागून गेली, फळीखाली गेली, आणि कोपऱ्यातल्या खिळ्यावर वेटोळं होऊन टांगलेली होती. नीट, सारख्या आकाराची नऊ वेटोळी, दोन ठिकाणी पट्टीने बांधलेली. तिथून स्कोपकडे.

"ही किती लांब आहे?"

"तीस फूट." त्याला माझा चेहरा कळला नाही. "कापायची कशाला? चांगली केबल कोणी कापतो का? पुढच्या कामाला लागते. एकतीस वर्षांत मी कधी..." त्याने वेटोळ्यांकडे पाहिलं. "वीज तर पोचतेच ना."

"पोचते. पण उशिरा. सुटल्याची खूण एकेचाळीस नॅनोसेकंद उशिरा पोचते आणि परत आल्याची वेळेवर. म्हणून मधलं अंतर कमी दिसतं." मी केबलवरचं बोट काढलं. "मी विचारायला हवं होतं. गोंगाट कसा गेला ते मी विचारलंच नाही नीट."

"म्हणजे तो..."

"एकशे बेचाळीसच्या आसपास."

बाहेर टाक्यांचा खणखणाट झाला. कोणीतरी गाजरावरून हसलं. अ‍ॅल्बिनने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताटली वर घे."

"अ‍ॅल्बिन..."

"वर घे. कोणी बघितलेलं नाही. पंधरा फूट, पोरी. घराची उंची. डेल तिथे जाईल, त्याला खाली कोट दिसेल, अजून थोडं खाली. इतक्या जवळ गेल्यावर कोणी परत फिरतो का?"

"नाही फिरत. तेच तर सांगतेय."

हिरवी रेघ बंद होती आणि भोकातलं पाणी काळं होतं. फीत माझ्या हातात होती, तिच्या टोकाला साठ फुटांवर ताटली.

"ती तिथे ट्रकमध्ये त्याचा सूट घेऊन बसलीय," तो म्हणाला. "इस्त्री केलेला. तिला काय सांगू? केबल वाया जाईल म्हणून कापली नाही?"

"तिला मी सांगेन."

"तू कशाला सांगशील?" त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "पाच इंच आहे, असं मी त्याला सांगितलं. एका भोकात मोजून. पाच इंच आहे, जा."

बाहेरून डेलने हाक मारली. "अ‍ॅल्बिन! पाच मिनिटं!"

अ‍ॅल्बिन उठला. पेटीतून कटर काढला, खिळ्यावरून वेटोळी उतरवली, आणि दुसऱ्या सेन्सरच्या केबलशेजारी धरून तीन फुटांवर कापली. उरलेली केबल त्याने भोकात टाकली. टोकाला नवी जोडणी लावली. मग त्याने दार उघडलं.

"डेल, आत ये. चष्मा लाव. आधी मोजायचंय."

डेल अर्ध्या कपड्यांत आत आला आणि गुडघ्यांवर बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अ‍ॅल्बिनकडे. त्याने चष्मा लावला.

मी ताटलीवर झटका दिला. साठ फूट एक इंच. ताटली वर ओढून बाजूला ठेवली. आरसा सहा मार्चच्या खुणेवर आणला. सुई आली. बाजूला दुसरी.

"तू वाच," मी अ‍ॅल्बिनला म्हणाले. पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. तो पडद्याशी वाकला आणि प्रत्येक झटक्याचा आकडा मोठ्याने वाचत गेला. मी लिहीत गेले.

वीस झटके. सरासरी एकशे बेचाळीस फूट चार इंच, अधिक-उणे दोन इंच.